उजव्या सीटवरचे वाघमोडे

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीवरून एखादं छोटं विमान गुरगुरत गेलं, की उदयसिंह वाघमोडे मान वर करून बघत नाही. नुसती हनुवटी उचलतो आणि म्हणतो, "माझाच आहे." म्हणजे विमान चालवणारा पोरगा याच्या हाताखाली शिकलेला आहे. निम्म्या वेळा ते खरं असतं. उरलेल्या वेळी आम्ही वाद घालत नाही, कारण तोवर विमान बिजासनच्या टेकडीपलीकडे गेलेलं असतं आणि साक्षीला कोणी उरत नाही.

त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे कंबरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपर टेकून मी जे जे गोळा केलं, त्यातलं थोडं इथे मांडतो. काही त्याच्या बायकोनं, म्हणजे मंगलावहिनींनी सांगितलेलं, काही त्याच्या हाताखाली शिकलेल्या मधुरिमानं, काही खुद्द त्यानं. जिथे तिघांचं जमत नव्हतं तिथे मी वहिनींचं धरलं आहे. शेजारी त्यांच्याच हातची सेव खातो, उगाच बेइमानी कशाला.

उदयसिंहचे पणजोबा होळकरांच्या पागेत घोडे शिकवायचे. हे तो कुठल्याही नव्या माणसाला पहिला चहा संपायच्या आत सांगतो. पणजोबा घोडे शिकवायचे, मी पोरं शिकवतो, घोडे बरे होते, असं त्याचं वाक्य ठरलेलं. विमानतळाजवळच्या एका फ्लाइंग क्लबात तो गेली पंचवीस-एक वर्षं इन्स्ट्रक्टर आहे. दोन माणसांच्या त्या जुन्या विमानात शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. आता एवढी वर्षं माणूस उजवीकडे बसला, की त्याचं काय होतं ते उदयसिंहकडे पाहून कळतं. सोफ्यावर उजवीकडे. लग्नाच्या पंगतीत उजवीकडचं टोक. एकदा आम्ही भोपाळला गेलो होतो तेव्हा बसमध्ये उजवीकडे जागा नव्हती, तर गडी देवासपर्यंत उभा राहिला. आणि उजवीकडे बसला की आपोआप शिकवायला लागतो. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला घास कसा घ्यावा हे शिकवताना मी त्याला पाहिलं आहे.

शिकवतो म्हणजे ओरडतो. क्लबातली पोरं खाली उतरली की आधी कान चोळतात म्हणे.

तर झालं असं, की क्लबानं नवीन विमान आणलं. पांढरं, टिकलीएवढं. जुन्या विमानाचे पंख डोक्यावर होते, याचे पायाशी. जुन्यात मोटारीसारखं धरायचं हँडल होतं, यात दोन पायांच्या मधून वर आलेली एक दांडी. जुन्यात घड्याळासारखे काटे, यात टीव्ही. उदयसिंहनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि घरी येऊन जाहीर केलं, "खिलौना है. चावी भरून उडवायचं."

पण खेळणं असो की काही असो, लायसन्सवर त्या विमानाचं नाव चढवल्याशिवाय ते उडवता येत नाही. त्यासाठी ट्रेनिंग घ्यायचं आणि शेवटी परीक्षकापुढे उडवून दाखवायचं. जुनी विमानं दिवाळीनंतर मोडीत निघणार होती. ज्याच्या लायसन्सवर नवीन नाव नाही त्यानं खाली वर्गात बसून फळ्यावर हवामान शिकवायचं, असं क्लबानं गोड शब्दांत कळवलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी उदयसिंह जमिनीवर येणार की वर राहणार, एवढाच प्रश्न होता. एवढाच म्हणजे त्याच्यासाठी सगळाच.

आणि ते विमान शिकवू शकणारी क्लबात एकच व्यक्ती होती. मधुरिमा. देवासची पोरगी, इथे भंवरकुआंला हॉस्टेलात राहून कॉलेज केलं, आणि उडायला शिकली ती उदयसिंहच्याच डाव्या हाताला बसून, रडत रडत. मग बाहेर जाऊन हे नवीन विमान शिकून आली होती. आता गुरुजी शिष्येकडे शिकणार, हे ऐकून माझी त्या दिवशी भूकच वाढली.

पहिल्या दिवशी मधुरिमा विमानाशी आली, सरांच्या पाया पडली. सरांनी आशीर्वाद दिला आणि चालत जाऊन उजवीकडे बसले.

ती बिचारी क्षणभर तशीच उभी राहिली. उजवी सीट शिकवणाऱ्याची, म्हणजे त्या दिवशी तिची. पण ज्या माणसानं आपल्याला विमानात बसायचं कसं तेही शिकवलं, त्याला 'सर, उठा' कसं म्हणायचं? ती गुपचूप डावीकडे जाऊन बसली. विमान सिमरोलच्या बाजूला जाऊन आलं, उतरलं. उतरवलं उदयसिंहनं, उजवीकडून, आणि झकास उतरवलं. का नाही उतरवणार? उजवा हात, उजवी खिडकी, पंचवीस वर्षांची सवय.

"बढिया सर," मधुरिमा म्हणाली.

घरी आल्यावर मी भिंतीवरून विचारलं, "काय सरकार, कसा आहे नवा घोडा?"

"काही खास नाही रे धनेश. दोन दिवसांत हाताखाली येईल."

आणि असंच चालू राहिलं. रोज ती पाया पडे, रोज हा उजवीकडे बसे, रोज ती 'बढिया सर' म्हणे. गुरुदक्षिणा दोन्हीकडून वसूल होत होती. मग एक दिवस परीक्षकाची तारीख लागली. भोपाळहून येणारा माणूस, यांना ओळखत नाही, पणजोबांना तर मुळीच नाही. तो येऊन उजवीकडे बसणार आणि याला डावीकडे बसवणार.

मधुरिमा संध्याकाळी वहिनींकडे आली. मी तुळशीला पाणी घालत होतो. त्यांच्या तुळशीला नव्हे, माझ्याच, पण ती भिंतीलगतच आहे.

"काकू, सरांना तुम्ही सांगा ना. डावीकडे बसून प्रॅक्टिस करावी लागेल. आतापर्यंतचं सगळं ट्रेनिंगमध्ये धरताच येत नाही. ती नुसती सैर झाली."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू काकू? सर आहेत."

"आणि मी सांगू?" वहिनी म्हणाल्या. "लग्नात मला यांच्या डावीकडे बसवलं तेव्हापासून ती बाजू माझी आहे. माझ्या जागेवर बसा म्हटलं तर आठवडाभर जेवणार नाहीत."

शेवटी दोघींनी माझ्याकडे पाहिलं. अशा कामाला मला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर, त्याच्या तोंडात जलेबी असताना मी म्हटलं, "भिया, ऐकलं की परीक्षक डावीकडे बसवणार तुला."

त्यानं जलेबी सावकाश संपवली. बोटं पुसली.

"मला माहीत नाही होय?" तो म्हणाला. "पंचवीस वर्षं तेच शिकवतोय."

"मग बसत का नाहीस?"

तो दुसरीकडेच बघत म्हणाला, "डावीकडून नाही उतरवता येणार मला. किती वर्षांत बसलो नाही तिकडे. हात उलटे होतात, नाक वाकडं दिसतं. आणि ही पोरगी बाजूला. तिला मी काय काय बोललोय, तुला माहीत नाही."

मला माहीत होतं, पण मी तसं म्हणालो नाही. गडी आजवर आदराच्या आड लपला होता. ती सांगत नव्हती म्हणून हा बसत नव्हता, आणि हा बसत नव्हता हे तिच्या न सांगण्यावर ढकलता येत होतं. मला थट्टा करायची होती, पण पोहे गार झाले, जमलं नाही.

त्या दिवशी तो डावीकडे बसला.

आता हे विमान हलकं. जुनं विमान म्हैस होतं, बस म्हटलं की बसायचं. हे धावपट्टीजवळ जरा वेगात आणलं की खाली टेकायलाच तयार होत नाही, हातभर उंचीवर तरंगत राहतं. उदयसिंहनं ते जुन्यासारखं वेगात आणलं. तरंगलं. त्यानं दाबलं. आपटलं, उसळलं.

"ठीक है सर," मधुरिमा म्हणाली.

दुसऱ्यांदा तेच. "ठीक है सर. होता है."

तिसऱ्यांदा विमान उसळलं ते तिरकं. मधुरिमानं आपल्या बाजूची दांडी धरली आणि म्हणाली, "आय हॅव कंट्रोल." हे शब्द विमानात ऐकले, की शिकणाऱ्यानं त्याच क्षणी हात काढायचे असतात. पण उदयसिंहनं हे शब्द आयुष्यभर फक्त म्हटले होते, ऐकले कुठे होते? त्यानं दांडी सोडली नाही. उलट घट्ट धरली. एका विमानात दोन मालक, विमान लटपटतंय, खाली धावपट्टी पळतेय. आणि मधुरिमा, तीच ती रोज पाया पडणारी, जीव खाऊन ओरडली,

"छोड़ ना यार! हात काढ! मरायचंय का तुला?"

हात निघाले. तिनं विमान पुन्हा वर उचललं, चक्कर घेतली, नीट उतरवलं. उदयसिंहला कोणी 'यार' म्हणायला पंचवीस वर्षांत धजलं नव्हतं. मी म्हणतो, पण माझा हिशेब वेगळा.

संध्याकाळी मधुरिमा घरी आली ती रडतच. दारातच पाया पडली. "सर, माफ करा. तोंडातून निघून गेलं. मी क्लबात सांगते, दुसरा कोणी बघा म्हणून."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या. मी भिंतीशी. उदयसिंहनं तिला बसायला सांगितलं. सोफ्यावर, आपल्या उजवीकडे. त्यासाठी तो स्वतः सरकला. वहिनींच्या हातातल्या कपबशा वाजल्या.

"माफी कशाची?" तो म्हणाला. "ते चुकलं नाही. आधीचं ते 'ठीक है सर' चुकलं. काय ठीक होतं त्यात? गाढवासारखं आपटलं मी."

"सर, तुम्हाला कसं..."

"हे बघ. पाया पडायचं, सर म्हणायचं, ते जमिनीवर. चाकं जमिनीवरून सुटली की मी कोणी नाही. वर जे वाटेल ते बोल. मी तुला काय कमी बोललो होतो?"

"नाही सर," मधुरिमा डोळे पुसत म्हणाली. "कमी तर नव्हतात बोलला."

त्यानंतरचे दिवस आमच्या गल्लीचे सोन्याचे. पोरगी शब्दाला जागली. उदयसिंह घरी यायचा आणि आज काय ऐकलं ते स्वतःच सांगायचा, पुरस्कार मिळाल्यासारखं. "आज म्हणाली, 'काका, विमान उतरवताय की भाजी निवडताय?'" दुसऱ्या दिवशी, "आज म्हणाली, 'वेग कमी करा, देवासची बस सुटत नाहीये.'" वहिनी ओट्याशी हसून हसून बेजार. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही यांनी. ही पोरगी रोज करते. मी तिला साडी घेणार आहे." आणि विमान आता तरंगायचं कमी झालं होतं, असंही मधेच कोणीतरी म्हणालं.

परीक्षेला मी गेलो नव्हतो, पण गेल्यासारखं सांगू शकतो. परीक्षक उजवीकडे, उदयसिंह डावीकडे. सगळं नीट चाललं होतं. मधेच परीक्षकानं सहज म्हटलं, "आय हॅव कंट्रोल." उदयसिंहनं दोन्ही हात असे झटकन वर केले, की छताच्या काचेवर आपटले. परीक्षक दचकला. "अरे साब, मैंने बंदूक थोड़ी निकाली है," म्हणाला. पुढे दोनदा उदयसिंहनं विमान नीट उतरवलं. नाव लायसन्सवर चढलं. वर्गातला फळा दुसऱ्या कोणाच्या नशिबी गेला.

पण नव्या विमानावर लगेच शिकवता येत नाही. आधी काही दिवस एकट्यानं उडवावं लागतं. म्हणजे उदयसिंह आता विमानात एकटा. उजवीकडे कोणी नाही, डावीकडे तोच. पहिल्या एकट्या दिवशी वहिनी डबा देण्याच्या निमित्तानं क्लबात गेल्या, आणि वहिनींना सोडायला कोणीतरी हवं म्हणून मी.

विमान सिमरोलकडे गेलं, बराच वेळ दिसेनासं झालं. आलं तेव्हा जरा वेगात आलं. धावपट्टीवर तरंगलं. थोडं जास्तच तरंगलं. मग बसलं. आम्हाला दोघांना बरं वाटलं, कारण आम्हाला काय कळतंय. मधुरिमा मात्र हाताची घडी घालून ओठ चावत उभी होती.

उदयसिंह विमान जागेवर लावून उतरला, घाम पुसत तिच्याकडे आला. ती वाकून पाया पडली.

"कसं होतं?"

"बढिया सर."

"खरं सांग."

तिनं खाली पाहिलं. दोन्ही पाय जमिनीवर होते. "जमिनीवर आहे ना सर. इथे कसं बोलू?"

उदयसिंहनं तिच्याकडे पाहिलं, मग विमानाकडे, मग आमच्याकडे. आम्ही डब्याकडे पाहिलं.

"चल," तो म्हणाला. "बस आत."

दोघं परत विमानात गेले. तो डावीकडे, ती उजवीकडे. इंजिन बंद, चाकांना लाकडी अडसर लावलेले. वरची काच ओढून घेतली. आणि मग आम्ही काचेतून पाहत राहिलो. मधुरिमाचे हात चालले होते, मान चालली होती, एकदा तर तिनं कपाळाला हात लावला. उदयसिंह वाघमोडे, ज्याचे पणजोबा होळकरांचे घोडे शिकवायचे, तो मान खाली घालून ऐकत होता.

वहिनी दोन पावलं पुढे सरकल्या. मीही सरकलो. काही ऐकू येईना.

"काच जरा उघडी ठेवली असती," वहिनी म्हणाल्या, "तर काय बिघडलं असतं?"