आयर्लंडचा स्कोअर

हिरव्या रंगाची वाफ नाकात गेली की मला इंग्लंड-आयर्लंडची ती कसोटी आठवते. परराज्यातल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये माझे हात रंगानं माखलेले, म्हणून स्कोअर बघायला माझा मोबाइल सोबत काम करणाऱ्या धुळ्याकडच्या दादांनी धरला होता. “भाऊ, हे आयर्लंडवाले आधी कुठं खेळायचे?” “काही जण तर इंग्लंडकडूनच, दादा.” “म्हणजे आपल्यासारखेच, पोटामागं परमुलखात!” हसण्याच्या नादात कापड काढायची वेळ मी चुकवली आणि रंग काळपट बसला. मशीन माझं होतं, पण सुपरवायझरला मोबाइल दादांच्या हातात दिसला. मी गप्प राहिलो आणि त्यांना कामावरून काढलं. गेटवर त्यांनी एवढंच विचारलं, “आयर्लंड जिंकेल ना?” आयर्लंड हरलं. तेवढं सांगायलाही मी त्यांना अजून फोन केलेला नाही.