जयंतीचं ऊन

फेब्रुवारी संपत आला की मी दिवसातून दहा वेळा फोनवर तापमान बघते. घरचे हसतात. हसू देत. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, कळव्याच्या चाळीत एकटी राहते, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिला यंदाही चालायचं आहे. पांढरी साडी इस्त्रीला देऊनही झाली. तिने जाऊ नये असं मला वाटतं. दोन वर्षांपूर्वी त्याच मिरवणुकीत ती माझ्या हातून जायची वेळ आली होती, आणि चूक माझी होती.

आमच्याकडे जयंती कुणी चुकवत नाही. माझ्या वेळी सातवा महिना असतानाही आपण चाललो, हे आई अजून ऐकवते. एप्रिलमध्ये ऊन तेव्हाही असायचंच, मी काही महाबळेश्वरला वाढले नाही. पण चार-साडेचारला खाडीकडून वारा सुटायचा आणि घाम वाळायचा. आता तो वारा कधी येतो, कधी येतच नाही. एखाद्या वर्षी भलत्याच वेळी ढग येतात, चार थेंब पडतात आणि उकाडा दुप्पट होतो. पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडल्यावर तोंडावर येते तसली हवा. आई म्हणते, हवा बिघडली. मला याहून बरा शब्द सापडलेला नाही.

मिरवणुकीला जाणाऱ्या बायका त्या दिवशी पाणी पीत नाहीत. व्रत वगैरे काही नाही. वाटेत बाथरूमला जायला जागा नसते, अंगात पांढरी साडी असते, आणि चार-पाच तास चालायचं असतं. सकाळी वंदना झाली की अर्धा कप चहा, मग थेट घरी आल्यावर पाणी. हे मला आईने शिकवलं, मी माझ्या मुलीला शिकवलं. पुरुषांना याचा पत्ताही नसतो.

त्या वर्षी निघताना आईने माठातून पेला भरून घेतला होता. तोंडाला लावणार तोच मी म्हणाले, "अगं आई, एवढं पिऊ नकोस. मध्येच लागली तर कुठे नेऊ तुला मी?" तिने पेला खाली ठेवला. मला वाटलं, चला, एक कटकट वाचली.

तासाभराने आम्ही रुंद केलेल्या नव्या रस्त्यावर होतो. तिथली झाडं गेल्याला तीनेक वर्षं झाली असतील. मी घामाने चिंब झाले होते आणि आईचा चेहरा मात्र कोरडा होता. मला बरंच वाटलं, म्हातारीला ऊन बाधत नाही म्हणून. मग तिने मला विचारलं, "तुझे पप्पा पुढे गेले काय गं?" पप्पांना जाऊन बारा वर्षं झाली होती. आजचा दिवस, तिला आठवण आली असेल, असं समजून मी "हो, पुढेच आहेत" म्हणाले. तिचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला. दुसऱ्याच क्षणी ती माझ्या खांद्यावर कलंडली.

बायकांनी तिला एका बंद दुकानाच्या सावलीत आडवी केली, सरबताच्या टेबलावरचं पाणी तिच्या साडीवर ओतलं, पदरांनी वारा घातला. रिक्षातून आम्ही दवाखाना गाठला. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायल्या?" मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं लिहून घेतलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी आमच्या लोकांना तळ्याच्या पाण्याला हात लावायला शिकवलं, त्यांच्या जयंतीला मी आईच्या हातातला पेला खाली ठेवायला लावला होता.

पाच दिवसांनी ती घरी आली. तेव्हापासून दोन जिने चढली की बसते आणि बोलताना शब्द शोधते. यंदा मी मंडळाच्या मीटिंगला गेले. सहानंतर निघा म्हटलं, तर दहाला स्पीकर बंद करावे लागतात, जमणार नाही म्हणाले. फिरत्या टॉयलेटची गाडी मात्र मान्य झाली. हे बोलताना माझी मान खाली गेली होती, पण बोलले.

तरी परवा दुपारी शाळेच्या ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून मी आईला समजवायला गेले. "तू घरातच थांब. दारातून बघ मिरवणूक."

ती जमिनीवर ओलं फडकं पसरून त्यावर बसली होती. वर पत्रा तापून कडकड आवाज करत होता. पंखा फिरत होता, पण गरम हवाच खाली ढकलत होता. मला पाच मिनिटांत मळमळायला लागलं.

"रोज दुपारी अशीच बसतेस?" मी विचारलं.

"मग कुठे जाऊ? शेजारचे सगळे कामावर असतात." तिने फडकं उचलून पुन्हा भिजवलं. "तिथे रस्त्यात पडले तर दहा बायका धावल्या गं. इथे पडले तर तुला कधी कळणार?"

मी डोंबिवलीला राहते. आईला रविवारी भेटते.