राखून ठेवलेला हलवा

त्या वर्षी आमची पलटण बर्फात होती. पोस्टवरचे बहुतेक जवान सातारा-सांगलीचे. बालाघाटचे आम्ही दोघंच. मी, नाईक सॅम्युअल, शहरातल्या ख्रिस्ती घरातला. दुसरा लान्सनायक धनराज, हट्ट्याजवळच्या खेड्यातला, बौद्ध घरातला. आम्ही आमच्या बोलीत बोलायला लागलो की बाकीचे हसायचे. "हसू दे. फुकटात करमणूक होऊन राह्यली त्यायची," धनराज म्हणायचा.

पलटणीत एक रीत होती. ज्याचा सण, त्याला पोस्टबाहेरची ड्यूटी नाही. त्याची पाळी दुसरा करतो आणि लंगरात गोड होतं. आदल्या बुद्धपौर्णिमेला धनराजची पाळी मी केली होती.

गुड फ्रायडेच्या सकाळी सुभेदारसाहेबांनी हसून माझा हात दाबला.

"हॅपी गुड फ्रायडे, सॅम्युअल. आज खालच्या पोस्टच्या गस्तीला, लिंक पेट्रोलला, तू नाहीस."

"साहेब, हा सण नाही. येशूला क्रुसावर मारलं तो दिवस. आज मी तीनपर्यंत, त्याने प्राण सोडला त्या वेळेपर्यंत, उपाशी असतो."

"मग तर मुळीच सोडत नाही. धनराज जाईल."

माणूस सरळ होता. आचाऱ्याने तर आधीच रवा भाजायला घेतला होता. शोकाच्या दिवशी हलवा! मला हसू आलं, आणि थोडं बरंही वाटलं.

गस्तीला जाऊन खालच्या पोस्टवरून केरोसीन आणायचं होतं. सगळे एका दोराला बांधलेले असतात. पहिला माणूस काठीने बर्फ चाचपत पुढे जातो. ती जागा माझी. धनराजने दोर कमरेला बांधला आणि म्हणाला, "माया हलवा राखून ठेवजो. तो सांगलीवाला दोन वाट्या खाते."

मी रेडिओवर बसलो. दुपारी सेट खरखरला.

"पोस्ट, लिंक बोलतोय. उतार सरकला. एक जण गाडला गेला. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"पहिला माणूस. ओव्हर."

आम्ही फावडी घेऊन धावलो. दोराच्या मागाने खणत गेलो. धनराज सापडला तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. तीन वाजून गेले होते. मेस टिनमध्ये, त्याच्या जेवणाच्या डब्यात, राखलेला हलवा गोठून दगड झाला होता.

त्याला घरी पोचवायला मीच आलो. सलामी झाली, अग्नी दिला. त्याच्या आईला सांगायचं होतं की तो माझ्या जागी गेला. न सांगताच परतलो.

ईस्टरनंतरच्या रविवारी बालाघाटच्या चर्चमध्ये गेलो. पाळकांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. त्यांनी वेदीवरून माझं नाव घेतलं. गुड फ्रायडेला, तीनच्या सुमारास, एकाने दुसऱ्यासाठी प्राण दिला. बघा देवाची योजना, म्हणाले. लोकांनी डोळे पुसले. मी उपदेश चालू असतानाच उठून बाहेर आलो. संताप आला होता, अजूनही येतो. येशूला निदान माहीत होतं आपण कुठे चाललोय. धनराज केरोसीन आणायला गेला होता. त्याला परत येऊन हलवा खायचा होता.

तसाच हट्ट्याची बस धरली. धनराजची आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "कोन्ता सन होता तुमचा?"

"सण नव्हता माय. त्या दिवशी आमच्या देवाला खिळे ठोकून मारलं."

"त्याची माय होती का तिथं?"

"हौ. समोरच उभी होती."

"तिले काही करता आलं?"

"नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "मले तर पेटीच उघडू नाही देली," ती म्हणाली. आणि तेव्हा रडली. स्मशानात रडली नव्हती. मीही रडलो. लहानपणापासून दर वर्षी ती गोष्ट ऐकत आलो होतो, पण त्या आईकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. देवाची योजना मला आजही कळत नाही. कुणी समजवायला आला तर मी उठून जातो. पण तिथे एक आई काहीच करता न येता शेवटपर्यंत उभी राहिली, एवढं मी धरून ठेवलं आहे. त्याच्याच आधाराने पुन्हा चर्चची पायरी चढलो.

आता मी रिटायर झालो. दर गुड फ्रायडेला धनराजची आई बसने येते. शेवटच्या बाकावर बसते. हात जोडत नाही, गाणी म्हणत नाही. क्रुसाजवळच्या आईचं वाचन आलं की उभी राहते. पहिल्या वर्षी लोक वळून बघायचे. आता कुणी बघत नाही.

तीननंतर आम्ही माझ्या घरी येतो. शोकाच्या दिवशी गोड करतात म्हणून नातेवाईक नाकं मुरडतात. मुरडू देत. ती स्वतः रवा भाजते. पहिला वाटा मी जपून ठेवलेल्या त्याच मेस टिनमध्ये काढते, झाकण लावते आणि माझ्याकडे देते.

"राखून ठेव," म्हणते.

मी ठेवतो. सकाळी झाकण काढतो. हलवा तसाच असतो.