तात्याचं गाऱ्हाणं

तात्या गेल्याचं त्याच्या मुलीने, सुमीने, फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "आईला काही कळलेलं नाही, काका. कळणारही नाही..." नवरा गेला आणि बायको शेजारच्याच खाटेवर उघड्या डोळ्यांनी पडलेली. संताप आला मला. कुणाचा, ते विचारू नका.

लालबागच्या आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालायचं ते तात्यानेच. कुणाची नोकरी असो, कुणाचं बाळंतपण. देवापुढे नारळ ठेवून, मालवणीत, खड्या आवाजात तो असं मागणं मांडायचा की देवाला निसटायला जागाच नाही. मला ग्रीक पुराणांचा नाद. संध्याकाळी गॅलरीत मी गोष्टी सांगायचो आणि हा तिथल्या देवादिकांच्या चुका काढायचा. अकिलीसला अमर करायला आईने नदीत बुडवलं, पण धरलेली टाच कोरडीच राहिली, हे ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "गे बाये, हात बदलूक काय झाला होता तुका?" पहाटेची देवी इऑस तर त्याची खास गिऱ्हाईक. तिने आपल्या माणसासाठी, टिथोनससाठी, देवांच्या राजाकडे, झ्यूसकडे, अमरपण मागितलं. तारुण्य मागायचं राहून गेलं. तो म्हातारा होत गेला, वाळत गेला, मरण काही येईना. शेवटी तिने त्याला खोलीत कोंडलं. आत नुसती बडबड चालू... तात्या पोट धरून हसला होता. "तिका गाऱ्हाणाच घालूक येना नाय!"

मग तात्याच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, मेंदूत रक्तस्राव झाला. परळच्या इस्पितळाबाहेर, फुटपाथवरच तात्याने नारळ ठेवला. "हिका जगव रे महाराजा," एवढंच म्हणाला. वहिनी जगल्या. नाकात नळी, पाठीला जखमा, ओळख कुणाचीच नाही. वर्षं गेली. तात्याने पुन्हा कुणासाठी गाऱ्हाणं घातलं नाही. एकदा त्यांचं अंग पुसता पुसता म्हणाला, "जगव, इतक्याच मागलंय रे. कसा जगव, ता मागूकच इसारलंय." तात्यासाठी तर कुणी काहीच मागितलं नव्हतं, तो झोपेतच सुटला.

तेरावं झालं. परवा सुमीने घरच्या देवापुढे नारळ ठेवला. "काका, आता तुम्ही घाला." शेजारी जमले होते. काय मागायचं, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. "देवा महाराजा, ही बाई..." मागणं मांडून झालं की सगळ्यांनी एका सुरात होकार भरायचा असतो. माझं वाक्य अर्धंच राहिलं, कुणी तोंड उघडेना.

सुमी आईची कूस बदलत होती. मान वर न करताच ती म्हणाली,

"व्हय महाराजा."