देवापाशी ठेवलेली बाटली

माझ्या मोबाइलमध्ये गायीचे फोटो होते, नवऱ्याच्या दुकानासमोर चिखलात फसलेल्या ट्रकचे होते, एकदा फार छान जमलेल्या पातोडीच्या भाजीचाही होता. आईसोबत माझा मात्र एकही नव्हता. कोणी मोबाइल काढला की आईला चुलीवरचं दूध आठवायचं. दूध नसलं तरी आठवायचं.

कारण मला माहीत होतं. आईच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आहेत. आमच्या आसगावात ज्या बाया वर्षानुवर्षं धानाच्या रोवणीला वाकल्या, त्यांतल्या कितीतरी जणींना ते आहेत. वरून ऊन, खालून धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावरून परतणारं ऊन, तोंड जाणार कुठे? पण आईला वाटतं, हे फक्त तिच्याच नशिबी आलं. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला सांगून टाकलं की या लग्नात आपल्या दोघींचा फोटो निघालाच पाहिजे.

"असं तोंड घेऊन कायले काढते फोटो?" ती म्हणाली. "नवरदेव-नवरीचा काढ."

म्हणून मी लाखनीच्या मेडिकलमध्ये डाग फिके करणारं व्हिटॅमिन सीचं सीरम घ्यायला गेले. दुकानदाराने दोन बाटल्या समोर ठेवल्या. एक स्वस्तातली, खोकल्याच्या औषधासारखी तपकिरी. दुसरी चांगलीच महागाची, पारदर्शक काचेची, सोनेरी झाकणाची, मखमली खोक्यात नवरीसारखी बसलेली. मागचा मजकूर दोन्हींवर जवळपास तोच. मी फरक विचारला, तर म्हणे, "ताई, ही चांगली आहे." आणि ती? "ती पण चांगली आहे." माझा राग तसाही नाकावरच असतो. साडी घेताना निदान पदर चोळून पाहता येतो, इथे चोळायचं काय? कधी वाटे, आईसाठी घ्यायचं तर महागच घ्यावं. कधी वाटे, सोनेरी झाकण का गालाला लावायचं आहे? शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, आईला आधी स्वस्तातली लावून पाहू द्या, तोंडाला सोसली की मग महागाची सुरू करा. हौसेला मोल नसतं असं स्वतःला समजावत मी दोन्ही घेतल्या.

आईने आधी मला झापलं. "पैसे उतू जाऊन राहिले का तुह्ये?" पण बोलता बोलता तिचा हात त्या मखमलीवरून फिरत होता. मग तिने महागाची बाटली खोक्यातून काढली, झाकणाला कुंकवाचं बोट लावलं आणि देवघराच्या फळीवर दिव्याशेजारी ठेवली. आमच्या घरी नवीन वस्तू आधी देवापाशीच जाते, मग ती साडी असो की कुकर, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वस्तातली गेली तांदळाच्या डब्यात. बाबांनी पाहिली असती तर महिनाभर चिडवलं असतं.

मग मी रोज फोन करायची. लावलं का? "लावलं ना माय." महागाची सुरू केली? "हो, हो." आणि लगेच, "तू गाडीवर तोंडाले दुपट्टा बांधते का नाही?" मला दुपट्ट्यात गुदमरतं, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. "मायं सोड, तुह्यं सांग," म्हणून मी खेकसायची.

हळदीच्या दिवशी आसगावला पोचले, आधी देवाला नमस्कार करायला गेले, आणि पाहते तर बाटली तिथेच. काठोकाठ भरलेली. आतलं पाण्यासारखं सीरम काळ्या चहासारखं झालेलं. वर छपराच्या कवेलूत उजेडासाठी बसवलेली काच आहे. तिच्यातून येणारा उन्हाचा कवडसा नेमका त्या फळीवर पडत होता. आईने तळहाताच्या फोडासारखी जपलेली बाटली दिवसभर ऊन खात होती, आणि संध्याकाळी दिव्याची आच.

हळदीच्या हातांनी आई आली. मी बाटली तिच्यासमोर धरली. "खराब झालं ना सगळं! काहून नाही लावली?"

तिने आत पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "देवापाशी ठेवलेलं बी खराब होते का?" मग हळूच म्हणाली, "मायं सस्तीनं चालून राहिलं होतं. हे तं तुह्यासाठी ठेवली होती. तुह्या गालावर बी हे डाग यून राहिले. दिवाळीले आली तवाच दिसले मले. माया तं जलम गेला अशा तोंडानं. तुह्यं तसं व्हाले नोको."

मी रोज आरशात पाहते. टिकली लावते, केस विंचरते. मला ते दिसले नव्हते.

राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी आणखी तिरसटासारखी बोलते. "मग मी बी नाही काढत फोटो. बसू दोघी मायलेकी चुलीपाशी."

"तू काहून नाही काढत? पोरीबिगर घरचा फोटो होते का?"

"मग तू चाल."

आईने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटत पदराला हात पुसले, माझं मनगट धरलं आणि मला ओढतच मांडवात नेलं. फोटोवाला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मावशी, इकडे पाहा."

तो फोटो आता माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात मी लाल डोळ्यांनी समोर पाहते आहे. आई काही समोर पाहत नाही. पदराचं टोक घेऊन ती माझा गाल पुसते आहे, नेमका डाग येतो आहे तिथे. तिचे स्वतःचे डाग त्यात लख्ख दिसतात. त्यांच्यावर पदर ओढायचं त्या दिवशी ती विसरली होती.