काचेपलीकडचे बाबा

शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे मोजायचं माझं काम आहे. असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या एका काकूंनी तर थेट विचारलं होतं, "अच्छा? आणि याचा पगार मिळतो?"

मिळतो. एका संशोधन संस्थेत बरीच वर्षं नोकरी करते आहे. अंगणवाडीपासून मेडिकल कॉलेजपर्यंतचे वर्ग मी मागच्या कोपऱ्यात बसून ऐकलेत. रेकॉर्डिंग करायचं, ऑफिसात येऊन कानाला हेडफोन लावायचे आणि प्रश्न नि उत्तर यांच्यामधली शांतता मोजायची. बहुतेक वेळा मोजण्यासारखं काही नसतंच. शिक्षक विचारतात आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. पूर्व दिल्लीतल्या एका अंगणवाडीत बाई रोज विचारायच्या, "मछली कहाँ रहती है?" आणि त्याच दमात, "पानी में! कहाँ रहती है?" मुलं ओरडायची, "पानी में!" एकदा प्रश्न विचारून झाला आणि बाईंचा फोन वाजला. त्या दाराशी गेल्या. वर्ग गप्प बसून राहिला. मग एक चिमुरडी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हमारे यहाँ तो थैली में आती है." त्या दिवशी ऑफिसात मी ते वाक्य परत परत ऐकलं. जरा थांबलं की समोरचा माणूस त्याच्या मनातलं बोलतो, एवढंच आमचं सगळं संशोधन. ते जगात इतरांनीही केव्हाच करून ठेवलेलं आहे. आम्ही ते आपल्याकडच्या वर्गांमध्ये पुन्हा तपासत होतो, रिपोर्ट लिहीत होतो, आणि रिपोर्ट कपाटात जात होते.

त्या वर्षी मी फार दमलेली होते. कशाने, ते नेमकं सांगता येणार नाही. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची बदली गुवाहाटीला, मुलगा हॉस्टेलवर, घरात मी आणि बाबा. सकाळी दोघांचा डबा करून मी मेट्रो पकडायची, संध्याकाळी परत आले की चप्पल काढता काढता विचारायची, "बाबा, बरं आहे ना?" ते म्हणायचे, "बरं आहे." मग मी कुकर लावायची.

बाबा तरुणपणी साताऱ्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथेच राहिले. आयुष्य मंत्रालयाच्या फायलींमध्ये गेलं. त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं आहे, सरकारी आणि दणदणीत, 'अवगत कराया जाता है' छापाचं. आई गेल्यावर ते हळूहळू घरात बसायला लागले. सकाळचं फिरणं बंद झालं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये जुने मराठी मित्र महिन्यातून एकदा जेवायला जमतात, तिथं जाणं सोडलं. जानेवारीत पानिपतच्या लढाईच्या काला अंब स्मारकाला जाणारी मराठी मंडळाची बस त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षी म्हणाले, "कंटाळा आलाय गं. तेच ते." आई नसल्यामुळे असं होतंय, असं मी धरून चालले. त्यांचा गुडघाही दुखत होता. वय झालं की दुखतो.

त्याच सुमारास आमचा प्रकल्प दिल्लीबाहेर हायवेला लागून असलेल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात सुरू झाला. पेशंटशी कसं बोलावं हे आता तिथं शिकवतात. एका छोट्या खोलीत नकली पेशंट बसतो. विद्यार्थी येऊन त्याला तपासतो, माहिती विचारतो. भिंतीत एक मोठी काच असते. आतल्यांना तिच्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं, पण बाहेर बसलेल्यांना आतलं सगळं दिसतं, आणि स्पीकरवर ऐकूही येतं. नकली पेशंटनी काय बोलायचं ते मी तिथल्या प्राध्यापकांबरोबर बसून लिहिलं होतं. निवृत्त शाळामास्तर, काही महिन्यांपासून गुडघेदुखी. कुणी नीट विचारलं तरच कबूल करायचं, की दुकानातून आणून दुखण्याच्या गोळ्या मनाने खातो.

ज्या नाटकवाल्या गृहस्थांना पेशंट म्हणून ठरवलं होतं, त्यांना आदल्या दिवशी डेंगू झाला. प्राध्यापक फोनवर म्हणाले, "कोई बुज़ुर्ग हों जान-पहचान में? हिंदी साफ़ होनी चाहिए।" मी सोफ्यावर पेपर घेऊन बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"मला कुठं नाटक येतं?" बाबा म्हणाले. पण जेवताना त्यांनी दोनदा विचारलं की मास्तर कुठल्या विषयाचे होते. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. टॅक्सीत सगळा वेळ पाठ म्हणत होते.

पहिले काही विद्यार्थी आले आणि गेले. सगळे हुशार, सगळे घाईत. दुखतं कुठं, कधीपासून, जिना चढताना की उतरताना, सूज आहे का, शुगर आहे का. बाबा एकेक उत्तर नीट देत होते, नाव पुकारल्यावर उभं राहणाऱ्या मुलासारखे. गोळ्यांचं एकालाही कळलं नाही. काचेच्या या बाजूला मी नेहमीसारखी मोजत होते आणि जांभया आवरत होते.

मग एक मुलगी आली. रोहतककडची असावी, बोलण्यात ते वळण होतं. पांढरा कोट जरा मोठा झालेला. तिने नमस्ते केला, बसली, गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाली, "और कुछ, अंकल?"

बाबा म्हणाले, "नहीं, बस।"

ती उठली नाही. काही बोललीही नाही. नुसती बसून राहिली, बाबांकडे बघत. माझ्या शेजारी बसलेले प्राध्यापक पुटपुटले, "अटक गई।" मलाही तेच वाटलं. बाबा आपल्या हातांकडे बघत होते. त्यांनी घड्याळाचा पट्टा सरळ केला. मग म्हणाले, "बेटा, घुटना तो बाद में दुखा। पहले मैं गिरा था।"

मी पेन खाली ठेवलं. हे मी लिहिलेलं नव्हतं.

"कहाँ गिरे?"

"मेट्रो की सीढ़ी पर। बाईं ओर की सीढ़ी दिखी ही नहीं। लगा, ज़मीन है।"

ती पुन्हा थांबली.

"एक बार नहीं गिरा," बाबा म्हणाले. ते सरकारी हिंदी कुठल्या कुठे गेलं होतं. "दरवाज़े से कंधा टकराता है। बाईं तरफ़ से कोई आए तो पता नहीं चलता। इसलिए बाहर जाना छोड़ दिया।"

"घर में किसी को बताया?"

"बेटी है। बहुत थकी हुई आती है। सोचा, उसे और क्या बताना।"

प्राध्यापक हसून माझ्याकडे वळले. "आपके पिताजी तो कमाल के एक्टर निकले।" मी काचेतून आतच बघत होते. आत ती मुलगी उभी राहिली. तिने बाबांना उजवा डोळा हाताने झाकून समोर तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं, आणि स्वतःचं बोट हलवत डावीकडून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. "उँगली दिखे तो बोलिएगा, अंकल।" बोट कानाशी होतं. बोट गालापर्यंत आलं. बाबा गप्प. बोट जवळजवळ समोर आलं तेव्हा ते म्हणाले, "हाँ, अब।" तिने पुन्हा वरून करून पाहिलं, खालून करून पाहिलं. मग ती काचेकडे वळली. तिला आम्ही दिसत नव्हतो, तरी ती आमच्याकडेच बघत होती. आपण परीक्षेत आहोत हे ती विसरली होती.

घंटा वाजली. प्राध्यापक तिच्या कागदावर लिहू लागले, विषयावरून भरकटली, वेळ संपला.

"सर," मी म्हटलं, "ये स्क्रिप्ट में नहीं था।"

"वही तो मैं कह रहा हूँ।"

"नहीं सर. ये सच है। उन्हें सचमुच नहीं दिख रहा।"

माणूस भला होता. पेन तसंच हातात धरून ते उठले आणि आत गेले. पुढच्या विद्यार्थ्यांना थांबवलं, नेत्रविभागात फोन केला आणि आम्हाला स्वतः तिकडे घेऊन गेले. बाबा संकोचून मला म्हणत होते, "अगं, बाकीची मुलं राहिली ना. त्यांची परीक्षा?"

डोळ्यांचा दाब बघितला. मग एका अर्धगोल यंत्रात डोकं घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज भराभर येत होता. डाव्याच्या वेळी मी बाहेर बसून वाट बघत राहिले. आतून मधूनच एखादी टिकटिक, मग पुन्हा काही नाही. शांतता मोजायची इतक्या वर्षांची सवय, पण ती मला मोजवेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काला मोतिया है।"

बाबांचा चेहरा खुलला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मोतीबिंदूच ना? मग काय, ऑपरेशन केलं की झालं. तुझ्या आईचंही केलं होतं."

मला सांगावं लागलं, "नाही बाबा. हा मोतीबिंदू नाही. याला आपल्याकडे काचबिंदू म्हणतात."

त्यांना तो शब्द माहीत होता. त्यांच्या धाकट्या काकांना होता तो. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "जो चला गया, वो वापस नहीं आएगा?"

"नहीं। जो है, उसे बचाएँगे।"

परतताना टॅक्सी हायवेवर अडकली होती. मी खूप वेळ बाहेर बघत होते. शेवटी म्हटलं, "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायचीस की रोज. बरं आहे ना, म्हणून." ते अगदी साधेपणाने म्हणाले, त्यात तक्रार नव्हती. "बरं आहे म्हणायचो."

"आणि तिला सांगितलंत."

"ती उठेचना," बाबा म्हणाले. "मला वाटलं, पोरीला काहीतरी हवंय. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" मग थोड्या वेळाने, "हिंदीत बोलायला सोपं गेलं. ऑफिसचं काहीतरी सांगतोय असं वाटलं."

मला रडू आलं नाही. इतकी झोप आली, की घरी पोचेपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये ती मुलगी राजमा-चावल खाताना दिसली. मला बघून उभी राहायला लागली, मी तिला बसवलं. मार्कांचं विचारलं. वागणुकीचे पूर्ण मिळाले होते, वेळेचे कापले होते. "मैं स्लो हूँ, मैडम," ती म्हणाली. "सब कहते हैं। ओपीडी में कैसे चलेगा?" या प्रश्नावर मी दिवसभर बोलू शकते, माझ्याकडे स्लाइड्स आहेत. पण तिची ओपीडी मी पाहिली होती. दाराबाहेर जिन्यापर्यंत गेलेली रांग पाहिली होती. त्या रांगेसमोर बसून थांबायचं कसं, ते माझ्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. मी एवढंच म्हटलं, "अंकल ने थैंक यू बोला है।" ती लाजली आणि तिने विचारलं, "ड्रॉप्स टाइम पे डालते हैं ना?"

टाकतात. सकाळ-संध्याकाळ, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलंच, उजवा आतापर्यंत टिकून आहे. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. आमचा रिपोर्ट वरच्या बैठकीत मांडला गेला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यावर अर्धा तास ठेवायचं ठरलं. पहिल्याच प्रशिक्षणात आधीचं भाषण लांबलं आणि तो अर्धा तास जेवणाच्या सुट्टीत गेला. मी डबा उघडून तिथंच खाल्ला.

बाबा मात्र बदलले. एकदा उघडपणे सांगून झाल्यावर त्यांना लपवायचं काही उरलं नाही. ते सोसायटीच्या कमिटीत गेले आणि म्हणाले, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारा. सेक्रेटरींनी रंगाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. बाबांनी त्यांना आयुष्यभराच्या सरावाने अर्ज लिहिले, 'सविनय निवेदन है' पासून सुरू होणारे, एकामागून एक. चौथ्या मजल्यावरच्या आजींनीही मग सांगितलं की त्यांनाही पायरी दिसत नाही. तळमजल्यावरच्या सरदारजींनीही सांगितलं. इतके दिवस कुणीच बोललं नव्हतं.

एका रविवारी पेंटर आला. बाबा जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसले आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सूचना देऊ लागले, "भाई, सीधी रेखा! किनारे तक लाओ, किनारे तक!" मी आत पलंगावर पडले होते. आठवड्याचे कपडे धुवायचे राहिले होते, भाजी आणायची होती. रंगाचा वास दारातून आत येत होता. बाबांनी मला हाक मारली, "अगं, बाहेर येऊन बघ तरी, कसं झकास दिसतंय." मी म्हटलं, येते. आणि तशीच पडून राहिले, थोडा वेळ.