कमलसिस्टरची सुई

कमल गेल्याचं मला तिच्या भावाच्या फोनवरून कळलं. बळीराम एवढंच म्हणाला, "बाई, ताई गेली. नांदेडला नेलतं... पण लई उशीर झाला." पायाच्या जखमेतून विष अंगभर पसरलं होतं. कसली जखम, असं मी विचारलं, तर त्यानं फोन ठेवला. त्याच्या आधीच्या बाजाराला आम्ही दोघींनी आखाडा बाळापुरात सोबत भाजी घेतली होती. एवढ्या उन्हाची ती मोजे घालून आली होती. "मोजे काहून गं?" म्हणून मी हसलेही. "टाचा फुटल्यात," म्हणाली आणि मेथीच्या भावावरून भाजीवालीशी हुज्जत घालायला लागली.

कमल सेनगावकडच्या एका तांड्यावरची. तिथून नर्स झालेली पहिलीच मुलगी. मी शाळेत शिकवायचे आणि ती लस टोचायला यायची, तेव्हापासूनची आमची ओळख. रडणाऱ्या लेकराला ती आधी स्वतःच्या घराच्या, बकऱ्यांच्या गोष्टी सांगायची आणि गोष्ट संपायच्या आत सुई देऊन मोकळी व्हायची. तिनं लग्न केलं नाही, माझे यजमान लवकर गेले. दोघी निवृत्त झालो तेव्हा घरंही जवळ होती आणि दुखणंही एकच होतं, साखरेचं. मग तिची मांजर सोनी, तिलाही तेच निघालं. सोनी भांडंभर पाणी प्यायची, खायची तरी वाळत चालली होती. मागच्या पायांवर तर माणसानं टाचा टेकाव्यात तशी बसकी चालायची.

हिंगोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला टोपलीतून नेलं. तरुण डॉक्टर, पण नीट समजावून सांगणारा. म्हणाला, "गोळी आहे. पण अंगात स्वतःचं इन्सुलिन थोडंफार बनत असेल तरच ती लागू पडते, अन् ते थोड्याच मांजरांत होतं. वाट बघण्यात दिवस जातात. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ द्यावं लागेल, खाणं झाल्यावर. पण त्याचा भरवसा जास्त." कमल म्हणाली, "आधी गोळीच बघू." मला नवल वाटलं. जन्मभर सुया टोचणारी बाई मांजरीला सुई द्यायला कचरत होती. मग गोळीची तऱ्हा सुरू झाली. सोनी फेस काढायची, ओरबाडायची, पलंगाखाली जाऊन बसायची. पोटात गेलेल्या गोळीचाही फरक दिसेना. एका सकाळी तिला उठताच येईना, तेव्हा कमलनं इन्सुलिन आणलं. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तिनं सुई दिली, सोनीला कळलंसुद्धा नाही. काही आठवड्यांत मांजर पुन्हा खिडकीवर उडी मारायला लागली.

त्याच सुमारास आम्हा दोघींनाही आमच्या डॉक्टरांनी गोळ्या पुरत नाहीत, आता इन्सुलिन घ्या, असं सांगितलं. मी घाबरले. आमच्याकडे सुई म्हणजे शेवटचं, असं लहानपणापासून ऐकलेलं. कमल रागावली, "बाई, सोनीला बघा की. तुमी घ्या, मी बी घेते. संगतीनं करू." मला टोचायचं तिनंच शिकवलं. मग रोज सकाळी तिचा फोन यायचा. "लावली का?" "लावली. तू?" "आत्ताच लावली." कुणाला लावली, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही...

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी तांड्यावर गेले. बळीरामला म्हणाले, "इन्सुलिन चालू असताना पाय एवढा कसा बिघडला?" त्यानं मान खाली घातली. "कसलं इन्सुलिन, बाई? ताईनं एकदाबी घेतलं न्हाई. आमच्या याडीला, आईला, सुई चालू झाली अन् महिन्याभरात ती गेली. तवापासून ताईच्या मनात भेव बसलं. लोकायला देऊन राहिली, सोताला न्हाई." मी म्हणाले, "मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "तिनंच बजावलं होतं. बाईला कळलं तर बाई बी सोडून देतील म्हणली. तुमच्या भल्यासाठीच..."

भल्यासाठी! परतीच्या जीपमध्ये मी तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. लोक म्हणतात, तिनं तुमच्यासाठी केलं, मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलं आहे. मांजरीला समजावता येत नाही, म्हणून आपण तिच्या जागी ठरवतो. मला समजावता आलं असतं. भीती वाटते, एवढं ती म्हणाली असती, तर मी तिच्या उंबऱ्यावर बसून राहिले असते, हात धरून टोचलं असतं, नाहीतर दोघी मिळून रडलो असतो. तिनं तो हक्कच मला दिला नाही. तांड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी मात्र रोज फोनवर खुशाल फसत राहिले.

सोनी आता माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी कान टोचून रक्त पाहिलं, वजन केलं आणि हसून म्हणाले, "फार छान! डोस कमी करू. असंच राहिलं तर बंदही होईल. गोळीवर अडकून न बसता वेळेत सुरू केलं ना, त्यामुळं. सिस्टर कुठंयत? त्यांचं कौतुक करायला पाहिजे."

मी टोपलीचं झाकण लावलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. टोपलीत सोनी मजेत अंग चाटत होती. आणि मी, भर रस्त्यात, लोक बघत असताना, मेलेल्या मैत्रिणीला मोठ्यानं विचारत होते, "तुला का नाही गं, तुला का नाही?"